शेगडी खोलीच्या मापाची

चि. सोनू हिस,


यॉर्कशरच्या नव्या घरात लाकडाची शेगडी बसवायचं ठरलं, हे आईकडून कळलं. दुकानदार म्हणतो, थंडी कडक आहे, आठ किलोवॉटचीच घ्या. पैसे देण्याआधी टेप घेऊन बैठकीची खोली मोजावी.

ब्रिटनमधला ढोबळ हिशोब सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये घेऊन गुणायची आणि येईल त्या आकड्याला १४ ने भागायचं. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, २.४ मीटर उंच खोली ४८ घनमीटरची. तिला साधारण ३.४ किलोवॉट पुरतात. घर जुनं दगडी असेल, खिडक्यांना एकेरी काच असेल किंवा जिना बैठकीतूनच वर जात असेल, तर आकडा वाढतो. तरीही अशा खोलीला चार-पाचाची शेगडी पुष्कळ झाली.

मोठी घेऊन मंद पेटवली तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. गोम तिथेच आहे. आठाची शेगडी लहान खोलीत बघता बघता घाम फोडते. मग घरचे हवेची झडप आवळतात आणि लाकूड ज्वाळेविना धुमसत राहतं. लाकडातली निम्म्याहून जास्त ऊर्जा ते तापल्यावर सुटणाऱ्या वायूंत असते. आच मंदावली की हे वायू न जळताच धुराड्यात चढतात आणि त्याच्या थंड भिंतींवर क्रिओसोट होऊन थिजतात. आधी शेगडीची काच काळवंडते. पुढे तो चिकट काळा थर पेटला, तर धुराड्यातच आग लागते.

आणि धूर शेजाऱ्यांच्या नाकातोंडात जातो, तो वेगळाच. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर मुख्यतः कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं, हजारो माणसं दगावली आणि १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. धूरनियंत्रण क्षेत्रात आजही लाकूड जाळायचं तर मान्यताप्राप्त शेगडीच लागते.

फार लहानही नको. सतत सगळी हवा सोडून रसरशीत तापवावी लागली, तर आतले पत्रे वाकतात.

पाच किलोवॉटचा आकडा लक्षात ठेवावा. इंग्लंडच्या बांधकाम नियमांप्रमाणे त्यापुढच्या शेगडीसाठी खोलीला बाहेरच्या हवेची कायम उघडी वाट ठेवावी लागते, म्हणजे गार वारा आलाच. नव्या हवाबंद घरात ती लहान शेगडीलाही लागते.

सरपणात ओलावा २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून किरकोळ विकल्या जाणाऱ्या लाकडाला हीच अट आहे. तपासताना ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मीटरच्या सुया टोचाव्यात. वरून खडखडीत वाळलेलं लाकूड आत ओलं निघतं.

शेगडी हेटास या नोंदणी संस्थेच्या यादीतल्या कारागिराकडूनच बसवून घ्यावी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच दिवशी लावावा. तो सक्तीचाच आहे. धुराडं दरवर्षी झाडून घ्यावं.

दुकानदाराला ॲडव्हान्स देण्याआधी खोलीची मापं, खिडक्यांचा प्रकार आणि धुराड्याची उंची कळवावी. मामा इथे बसून आकडा काढून देईल.

तुझा,
मामा