लेफ्ट ब्रेन, राइट ब्रेन आणि एम-थ्री

"आपण राइट ब्रेनवाले रे, एम-थ्री आपल्या डोक्यात शिरणारच नाही!" हे वाक्य होस्टेलमध्ये पी.एल. सुरू झाली की एकदा तरी कानावर पडतंच. गॅदरिंगचा बॅकड्रॉप रंगवणारा तो राइट ब्रेन आणि जर्नल सगळ्यात आधी पूर्ण करणारा तो लेफ्ट ब्रेन, अशी आपली सरळ वाटणी. नेटवर दहा प्रश्नांच्या टेस्ट असतात, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या लेक्चरलाही त्या भरून घेतात, आणि पाच मिनिटांत कपाळावर शिक्का बसतो. गंमत म्हणून ठीक आहे. पण फर्स्ट इयरच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने त्या शिक्क्यावर विश्वास ठेवून विषयाचा नादच सोडला, तर ती गंमत राहत नाही. म्हणून मूळ रिसर्च नेमका काय आहे, ते आज बघूया.

आधी वायरिंग

आपल्या मेंदूचे अक्रोडासारखे दोन अर्धे भाग असतात, डावा गोलार्ध आणि उजवा गोलार्ध. दोघांना जोडणारी जाड केबल म्हणजे कॉर्पस कॅलोसम. तिच्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. कनेक्शन मात्र क्रॉस आहे, म्हणजे उजवा हात डावा गोलार्ध चालवतो आणि डावा हात उजवा गोलार्ध. नजरेचंही तसंच. समोर बघताना जे डाव्या बाजूला दिसतं ते उजव्या गोलार्धाकडे जातं आणि उजवीकडचं डाव्याकडे. इथे 'डावा डोळा' असं म्हटलेलं नाही, 'नजरेची डावी बाजू' म्हटलंय. प्रत्येक डोळ्यातून दोन्हीकडे वायर जाते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पॅरिसचा पेशंट

गोष्ट सुरू होते १८६१ मध्ये. पॅरिसच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये लेबोर्न्य नावाचा एक पेशंट होता. त्याला बोललेलं समजायचं, पण स्वतः बोलायला गेला की तोंडातून एकच शब्द यायचा, "तान". त्याच्या मृत्यूनंतर सर्जन पॉल ब्रोका यांनी मेंदू तपासला, तर डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात इजा सापडली. असेच आणखी पेशंट बघून १८६५ मध्ये त्यांनी मांडलं की बोलण्याचं काम डावा गोलार्ध करतो. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या २६ वर्षांच्या जर्मन डॉक्टरने उलटा प्रकार दाखवला. डाव्या गोलार्धाच्या मागच्या बाजूला इजा झालेले पेशंट घडाघडा बोलायचे, पण बोलण्याला अर्थ नसायचा.

आज आपल्याला माहीत आहे की उजव्या हाताने लिहिणाऱ्यांपैकी साधारण ९५ टक्के लोकांची भाषा मुख्यतः डाव्या गोलार्धात असते. डावखुऱ्यांमध्येही हे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. म्हणजे "डावखुरा म्हणजे सगळं उलटं" हाही गैरसमजच.

मग उजवा गोलार्ध रिकामा बसतो का? मुळीच नाही. तिथे पक्षाघाताचा झटका आला तर काही पेशंट जगाची डावी बाजूच विसरतात. डोळे चांगले असतात, पण लक्ष तिकडे जात नाही. आपल्या पद्धतीने वाढलेलं ताट अशा पेशंटपुढे ठेवलंत तर उजवीकडची भाजी-आमटी संपेल आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहील. बोलण्यातला सूर ओळखण्यातही उजव्याचा मोठा वाटा आहे. लेक्चरला वीस मिनिटं उशिरा पोचल्यावर सर म्हणतात, "या, अगदी वेळेवर आलात!" शब्दांचा अर्थ डावा लावतो, पण हा टोमणा आहे हे कळायला उजव्याची मदत लागते.

कॅलटेकमधला प्रयोग

आता खरी भन्नाट गोष्ट. फेब्रुवारी १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला फिलिप व्होगेल आणि जोसेफ बोगेन या सर्जननी डब्ल्यू. जे. या पेशंटची ती केबलच कापली. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या या माणसाला अपस्माराचे जोरदार झटके येत, आणि एका बाजूचं विजेचं वादळ दुसरीकडे पसरू नये हा हेतू होता. झटके खूप कमी झाले. वरवर पाहता माणूस अगदी नॉर्मल!

जवळच कॅलटेकमध्ये रॉजर स्पेरी हे प्राध्यापक मांजरं आणि माकडं यांच्यावर असंच काम करत होते. डब्ल्यू. जे. ची टेस्ट घ्यायचं काम त्यांच्या मायकेल गॅझॅनिगा या विद्यार्थ्याकडे आलं. वय २२, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांएवढंच!

पद्धत साधी. पेशंटने पडद्याच्या मधल्या ठिपक्याकडे बघायचं. डावीकडे किंवा उजवीकडे चित्र सेकंदाच्या छोट्याशा भागापुरतंच चमकवायचं, म्हणजे डोळा हलायच्या आत ते एकाच गोलार्धाला दिसतं. या प्रकारच्या पेशंटना चित्र उजवीकडे दाखवलं की ते लगेच नाव सांगत. डावीकडे दाखवलं की म्हणत, "काही दिसलं नाही." पण पडद्याआड डाव्या हाताने वस्तू शोधायला सांगितलं की तोच हात बरोबर तीच वस्तू उचलायचा! उजव्या गोलार्धाला दिसलं होतं, कळलंही होतं, फक्त सांगायला तोंड नव्हतं. ठोकळ्यांनी नक्षी जुळवण्यात तर डब्ल्यू. जे. चा डावा हात उजव्यापेक्षा सरस ठरला. उजवा हात अडखळला की डावा आपणहून मध्ये घुसायचा.

या कामासाठी स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं. आणि गंमत बघा, या माणसाची पहिली डिग्री इंग्लिश लिटरेचरची होती. सांगा आता, त्यांच्यावर कुठला शिक्का मारायचा?

कोंबडी आणि फावडं

१९७० च्या दशकाच्या शेवटी गॅझॅनिगा आणि त्यांचा विद्यार्थी जोसेफ लेडू यांनी पी. एस. या पेशंटवर प्रयोग केला. डाव्या गोलार्धाला दाखवला कोंबडीचा पाय, उजव्याला दाखवलं बर्फात बुडालेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं चित्र निवडायला सांगितलं. उजव्या हाताने निवडली कोंबडी, डाव्या हाताने निवडलं बर्फ उपसायचं फावडं. दोन्ही बरोबर. पण "फावडं का?" असं विचारल्यावर उत्तर द्यायचं होतं डाव्या गोलार्धाला, आणि त्याला बर्फाची काहीच खबर नव्हती. तरी तो "माहीत नाही" म्हणाला नाही. झटकन उत्तर आलं: कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की!

तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते मनापासून पटलेलं होतं. डाव्या गोलार्धातल्या या कारणं जुळवणाऱ्या यंत्रणेला गॅझॅनिगांनी 'इंटरप्रीटर' असं नाव दिलं, आणि ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे. एम-थ्रीमध्ये के.टी. लागली. खरी कारणं दहा असतील: लेक्चर बुडाली, इंटिग्रेशन बारावीपासूनच कच्चं, सराव झाला नाही. पण आपण काय म्हणतो? "मी राइट ब्रेनवाला ना!" हे उत्तर मला तरी त्या फावड्यासारखं वाटतं. पटकन सुचतं, छान बसतं, आणि खऱ्या कारणाकडे बघायची गरजच उरत नाही.

मग शिक्का आला कुठून?

पेशंटची केबल कापलेली होती, आपली शाबूत आहे. हा एवढा मोठा फरक वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत हळूहळू गळून गेला. १९७० च्या दशकात 'डावा म्हणजे लॉजिक, उजवा म्हणजे कला' हे सूत्र अमेरिकेत फॅशनमध्ये आलं आणि मॅनेजमेंटच्या कोर्समधून जगभर पसरलं. ही कल्पना फार सहज भरकटत जाते, असा इशारा खुद्द स्पेरींनीच १९८४ मध्ये दिला होता.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात ७ ते २९ वयाच्या १,०११ लोकांचे ब्रेन स्कॅन तपासले गेले. मेंदूचे जवळपास ७,००० भाग पाडून बघितलं. काही कामं एका बाजूला जास्त होतात हे दिसलं. पण ज्याची संपूर्ण डावी किंवा संपूर्ण उजवी बाजू जास्त जोरात चालते, अशा 'टाइप'च्या माणसांचा पुरावा मिळाला नाही.

आणि गणित? १९९९ मध्ये स्तानिस्लास दहान यांच्या गटाने दाखवलं की अचूक बेरीज करताना डावीकडचे भाषेशी जोडलेले भाग जास्त कामाला लागतात, तर अंदाजे उत्तर काढताना दोन्ही गोलार्धांचे वरचे-मागचे भाग. म्हणजे पाठ केलेला पाढा बराचसा भाषेच्या खात्यात जातो, आणि "उत्तर शंभरच्या आसपास हवं, हजार कसं आलं?" ही शंका दोन्ही बाजूंच्या खात्यात. एका बाजूचं गणित असं काही नसतंच.

व्हायवाला विचारलं तर...

प्रश्न: दोन गोलार्धांत कामाची वाटणी असते का?
उत्तर: हो. भाषा बहुतेकांत डावीकडे, तर जागेचं भान आणि बोलण्यातला सूर यांत उजव्याचा वाटा मोठा.

प्रश्न: म्हणजे माणसांची वाटणी होते का?
उत्तर: नाही. कामं वाटलेली आहेत, माणसं नाहीत. केबल शाबूत असेपर्यंत दोघं मिळूनच काम करतात.

प्रश्न: मग एम-थ्री का जमत नाही?
उत्तर: ते कुठला गोलार्ध सांगणार नाही. मागच्या पाच वर्षांचे पेपर काढा, कुठल्या स्टेपला अडतंय ते बघा, आणि शेजारच्या रूममध्ये ज्याला ती स्टेप येते त्याचं दार वाजवा. मात्र रात्री दोननंतर नको!