रोज जीव तोडून धावू नका

पोलीस भरतीसाठी आपल्या वस्तीतली मुलं-मुली रोज जीव तोडून धावतात. रोज तसं धावायचं नसतं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार दगावले, हे आम्ही विसरलेलो नाही.

दम मोजायला मशीन लागत नाही. अमेरिकी हवाई दलातले डॉ. केनेथ कूपर यांची १९६८ सालची चाचणी कुठल्याही मैदानावर होते. १२ मिनिटांत जास्तीत जास्त किती मीटर धावलात ते लिहा. त्यातून ५०४.९ वजा करा, ४४.७३ ने भागा. २४०० मीटरला उत्तर साधारण ४२ येतं. म्हणजे शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला ४२ मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं. ही चाचणी सराव असलेल्यांनीच करावी, तीही दीड-दोन महिन्यांतून एकदा.

एरवी धावता धावता बोलून पाहा. पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग हलका. दोन-तीन शब्दांतच धाप लागली तर जोराचा, आणि जोराचं धावणं आठवड्यातून दोनदा पुरे. ‘२२० वजा वय’ हा नाडीचा हिशेब ढोबळ आहे, दहा-बारा ठोके सहज चुकतो; आम्ही त्यावर फार विसंबत नाही. त्यापेक्षा सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा बरीच जास्त असेल किंवा अंगात ताप असेल, तर त्या दिवशी सुट्टी. धावताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबा. घरच्यांनी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यावा.