सवय आणि सोय

संगणकाच्या कळफलकावरील इंग्रजी अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने नसतात. वरच्या ओळीचा आरंभ क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय या अक्षरांनी होतो. ही मांडणी संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतील मिलवॉकी येथील ख्रिस्तोफर शोल्स व त्यांचे सहकारी यांनी १८६८ साली टंकलेखन यंत्राचे एकस्व मिळविले. १८७४ साली रेमिंग्टन कंपनीचे यंत्र बाजारात आले आणि त्यावरील मांडणी थोड्याफार फेरफाराने सर्वत्र रूढ झाली.

सिअ‍ॅटल येथील प्राध्यापक ऑगस्ट ड्व्होरॅक यांना ती सदोष वाटली. टंकलेखकाची बोटे ज्या मधल्या ओळीवर विसावतात, तीत ‘ए’ हा एकच स्वर होता. त्यामुळे बोटांना सारखे वरखाली जावे लागे. बोटांचे हे श्रम वाचावेत म्हणून ड्व्होरॅक व विल्यम डीली यांनी नवी मांडणी योजिली आणि १९३६ साली तिचे एकस्व घेतले. तीत मधल्या ओळीवर डाव्या हाताखाली पाचही स्वर, तर उजव्या हाताखाली नेहमी लागणारी व्यंजने होती.

मग लोकांनी ती का स्वीकारली नाही? १९४४ साली अमेरिकेच्या नौदलाने चौदा टंकलेखकांवर प्रयोग केला व नव्या मांडणीची प्रशंसा केली. परंतु त्यातील तुलना समान पायावर झाली नव्हती, असा आक्षेप पुढे निघाला. १९५६ साली अर्ल स्ट्राँग यांनी तेथील सरकारसाठी दहा अनुभवी टंकलेखकांना नवी मांडणी शिकविली. रोज चार तास सराव करूनही जुना वेग परत येण्यास पंचवीसहून अधिक दिवस लागले. पुन्हा शिकविण्याचा हा खर्च भरून येणार नाही, असा स्ट्राँग यांनी निर्वाळा दिला.

ज्याची बोटे एका मांडणीत मुरली आहेत, त्याला बदल महाग पडतो. नव्याने शिकणाऱ्यावर मात्र असे ओझे नसते. देवनागरीच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताकडे व बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. मराठीत ‘क’ ज्या कळेवर, गुजराती व कानडीतही त्याच कळेवर. एकदा केलेला सराव असा अनेक भाषांत उपयोगी पडतो. म्हणून कोणतीही विद्या आरंभ करताना तिची पद्धत पारखून घ्यावी. त्या वेळी निवड करणे सर्वांत सोपे असते.

स्वाध्याय
१. ड्व्होरॅक यांना जुन्या मांडणीत कोणता दोष दिसला?
२. वीस वर्षे टंकलेखन करणाऱ्या लेखनिकाने नवी मांडणी शिकावी काय? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.