सोडलेल्या धर्माच्या दारात
(माजी मॉर्मनांचे अनुभव आणि आपल्यासाठी धडा)

नातेवाइकांच्या घरी सत्यनारायण असतो, गावाकडे जत्रा असते, शेजारी गणपती बसतात. आमंत्रण येते. मग विहारातील अभ्यासवर्गात विद्यार्थी विचारतात, "बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर अशा ठिकाणी जावे की नाही?" कोणी म्हणतो, मुळीच जाऊ नये. कोणी म्हणतो, गेले तर काय बिघडते? दोन्ही उत्तरे एका वाक्यात संपतात आणि प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच आहे असे नाही. ज्यांनी जन्माचा धर्म सोडला पण नातीगोती सोडली नाहीत, त्या सर्वांपुढे तो उभा राहतो. अमेरिकेतील मॉर्मन पंथ सोडलेल्या लोकांचे अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत.

मॉर्मन कोण?

जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. त्याचे अधिकृत नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. २०१८ पासून चर्चचा आग्रह पूर्ण नावाचाच आहे. या लेखात 'मॉर्मन' हा शब्द केवळ सोयीसाठी वापरला आहे. १८४४ साली इलिनॉय राज्यातील तुरुंगात जमावाने स्मिथ यांना ठार केले. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. तेच आजचे युटा राज्य. २४ जुलै हा दिवस तेथे आजही सरकारी सुट्टीचा असतो. छळ सोसून, रानावनातून वाट काढून आपले गाव वसवल्याची आठवण या समाजाच्या रक्तात आहे.

श्रद्धाळू मॉर्मन चहा, कॉफी, दारू व तंबाखू घेत नाही आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देतो. चर्चचा 'वॉर्ड' वस्तीप्रमाणे ठरतो. एका भागातील सर्व सदस्य एकाच प्रार्थनासभेला जातात. तेथील बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो. त्याच वस्तीतला कोणी शिक्षक किंवा व्यापारी काही वर्षे ते काम सांभाळतो. त्यामुळे ज्याने चर्च सोडले, त्याला शेजार सोडता येत नाही. दुकानात, शाळेच्या फाटकाशी, अंत्ययात्रेत तीच माणसे भेटतात.

कसोटीचे प्रसंग

रविवारच्या सभेत पावाचे तुकडे आणि पाण्याचे छोटे पेले असलेली तबके रांगेतून हातोहात फिरतात. आईच्या आग्रहाखातर आलेला माजी सदस्य तबक हातात घेतो आणि काहीही न घेता पुढे देतो. दोन क्षणांचे काम, पण शेजारच्या आईला ते दिसते, मागच्या बाकावरच्यांनाही दिसते. कित्येकांना या दोन क्षणांची धास्ती आठवडाभर आधीपासून वाटते.

मूल आठ वर्षांचे झाले की त्याचा बाप्तिस्मा होतो. साधारणपणे वडीलच मुलाला पाण्यात बुडवून हा विधी करतात. वडिलांनी चर्च सोडले असेल तर ते काम आजोबा किंवा काका करतात आणि वडील काठावर बसून पाहतात. तान्ह्या बाळाला आशीर्वाद देताना पुरुष मंडळी गोल करून उभी राहतात. तेथेही त्या पित्याची जागा बहुधा बाकावरच असते.

सर्वांत कठीण प्रसंग लग्नाचा. मॉर्मनांच्या साध्या चर्चमध्ये कोणीही जाऊ शकतो, पण त्यांची मंदिरे वेगळी असतात. तेथे प्रवेशासाठी बिशप आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने प्रश्न विचारून दिलेले पत्र लागते. मंदिरात होणारे लग्न चर्च सोडलेल्या आईबापांनाही पाहता येत नाही. मुलीचे लग्न आत चाललेले आणि आई बाहेर थांबलेली, असे असंख्य वेळा घडले आहे. पूर्वी अमेरिकेत आधी नागरी विवाह केल्यास मंदिरातील विधीसाठी वर्षभर थांबावे लागे. ६ मे २०१९ रोजी चर्चने ही अट काढली. आता सर्वांसमक्ष विवाह करून लगेच मंदिरात जाता येते. मात्र मंदिराचे दार पूर्वीसारखेच आहे.

सर्वच प्रसंग असे कडू नसतात. घरात मृत्यू झाला की वॉर्डातील स्त्रिया जेवण घेऊन येतात. चीज घातलेली बटाट्याची एक भाजलेली डिश अशा वेळी इतकी ठरलेली असते की तिचे नावच 'अंत्यविधीचे बटाटे' असे पडले आहे. चर्च सोडलेली माणसेही हा जिव्हाळा आठवून हळवी होतात. धर्म पटला नाही, पण माणसे आपलीच होती, असे ती सांगतात.

दोन्ही बाजूंचे दुःख

चर्च सोडलेल्या माणसाच्या मनात एक शंका असते. शेजारी फराळ आणून देतो, सहलीला बोलावतो, ते माझ्यासाठी की मला परत नेण्यासाठी? हा संशय मैत्रीला आतून पोखरतो.

घरच्यांचे दुःखही समजून घेतले पाहिजे. मंदिरातील विधीने कुटुंब मृत्यूनंतरही अनंतकाळ एकत्र बांधले जाते, अशी मॉर्मनांची श्रद्धा आहे. मुलगा चर्च सोडतो तेव्हा त्या साखळीतील एक कडी निखळली असे आईला वाटते. तिचे रडणे ढोंग नसते. परलोकात मुलगा भेटणार नाही, ही तिची खरीखुरी भीती असते. तिचे मत पटले नाही तरी तिचे दुःख खोटे ठरत नाही.

एक उदाहरण

लाव्हिना फिल्डिंग अँडरसन या सॉल्ट लेक सिटीतील लेखिका व संपादक. चर्चचे अधिकारी अभ्यासकांवर कसा दबाव आणतात याची नोंद त्यांनी एका लेखात केली. सप्टेंबर १९९३ मध्ये चर्चने एकूण सहा जणांवर कारवाई केली. त्यांत अँडरसन यांना बहिष्कृत करण्यात आले. अशा व्यक्तीला सभेत बसता येते, पण पाव-पाणी घेता येत नाही, बोलता येत नाही, प्रार्थना सांगता येत नाही. तरीही त्या वर्षानुवर्षे आपल्या वॉर्डात जात राहिल्या. २०१९ साली पुनर्प्रवेशासाठी केलेला त्यांचा अर्ज वरिष्ठांनी नाकारला. २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्यांची श्रद्धा कायम होती, म्हणून त्यांचा मार्ग प्रत्येकाला लागू पडणार नाही. पण कोणाच्या परवानगीवाचून, मान खाली न घालता आणि आपले लिखाण मागे न घेता त्या त्या बाकावर बसल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

उपाली गृहपतीची कथा

मज्झिम निकायातील उपाली सुत्त या प्रश्नाला थेट भिडते. नालंदा येथील धनवान उपाली हा निर्ग्रंथांचा उपासक होता. भगवंतांशी वाद करायला आला आणि त्यांचाच उपासक झाला. तेव्हा भगवंतांनी त्याला प्रथम सांगितले की, नीट विचार कर. पुढे सांगितले की, तुझे घर दीर्घकाळ निर्ग्रंथांचा आधार होते, ते आले तर त्यांना अन्नदान करीत राहा. जुन्या गुरूंना उपाशी ठेवा, असे बुद्ध म्हणाले नाहीत.

पण कथा येथेच संपत नाही. उपालीने द्वारपालाला ताकीद दिली की निर्ग्रंथांना भिक्षा दाराशी आणून दिली जाईल, घरात मात्र पूर्वीसारखा प्रवेश नाही. जुने गुरू स्वतः आले तेव्हा आपण कोणाला शरण गेलो आहोत हे त्याने त्यांना स्पष्ट सांगितले. अन्न चालू राहिले, शरण मात्र बदलले. करुणा आणि निश्चय या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात.

साम्य आणि फरक

तुलना करताना फरक विसरता कामा नये. मॉर्मन माणूस चर्च सोडतो, मग त्याला मंदिराचे दार बंद होते. आपल्या पूर्वजांना ते दार आधीच बंद होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो धर्मात असतानाच बाहेर ठेवले म्हणून. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली व दिली. मॉर्मन चर्चमध्येही कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८ पर्यंत पौरोहित्याचा अधिकार नव्हता. परंतु चर्च सोडणाऱ्या बहुतेकांचा झगडा सत्य-असत्याचा असतो. आपला झगडा त्यासोबत माणूसपणाचाही होता. म्हणून प्रतिज्ञा हा आपल्यासाठी केवळ मताचा प्रश्न नाही.

आपण काय शिकावे?

१. हजर राहणे वेगळे आणि विधी करणे वेगळे. सुखदुःखात जावे. पूजा-आरतीला हात जोडू नयेत, श्राद्ध-पिंडदानात भाग घेऊ नये. प्रसादाचे ताट आले तर चेहरा न पाडता पुढे द्यावे.

२. जे करणार नाही ते घरच्यांना आधीच शांतपणे सांगावे. ऐन कार्याच्या दिवशी वाद घालू नये. मावशीच्या डोळ्यांत पाणी आणून धम्माचा विजय होत नाही.

३. न जाण्याचाही अधिकार आहे. जेथे अपमान होईल, पंगत वेगळी बसेल, तेथे नात्याच्या नावाखाली जाण्याची गरज नाही.

४. यजमानपण आपल्याकडे येते तेव्हा हेच माप आपल्यालाही लावावे. धर्मांतर न केलेला नातेवाईक विहारातील मंगल परिणयाला आला, तर त्याने वंदना म्हटलीच पाहिजे असा आग्रह धरू नये. आपला एखादा तरुण विहारात येईनासा झाला, तर चहाला बोलावताना त्याला परत आणण्याचा हिशेब मनात ठेवू नये. मुलगी आत आणि आई बाहेर, असे दार आपल्या विहाराला कधीही असू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तबक पुढे देणारा माजी मॉर्मन आणि प्रसाद पुढे देणारा बौद्ध यांच्या स्थितीत काय सारखे आहे आणि काय वेगळे?
२. भगवंतांनी उपालीला जुन्या गुरूंना अन्न देत राहण्यास का सांगितले असावे?
३. आपल्या कुटुंबात अजून प्रतिज्ञा न घेतलेले कोण आहे? त्यांच्याशी आपण शेवटचे केव्हा आणि कशाविषयी बोललो?

भवतु सब्ब मंगलं!