अंबापाणीची बंदूक आणि 1862चा छाप

धुळ्यातल्या एका वाड्यातला जुना शस्त्रसंग्रह विक्रीला निघाला, तेव्हा प्रस्तुत लेखक जळगावहून तो पाहायला गेला. मालकांनी ठासणीची एक लांब बंदूक पुढे केली. ‘रायफल आहे. खाज्या नाईकांच्या माणसाकडची, अंबापाणीच्या लढाईतली.’ किंमतही लढाईच्या मानानेच सांगितली.

खाज्या नाईकांच्या भिल्लांची इंग्रजांशी अंबापाणीची लढाई झाली 11 एप्रिल 1858ला. घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर मात्र मुकुट, ‘टॉवर’ आणि खाली 1862. पट्टी मागाहून बदललेली असू शकते. पण मग ते दाखवून देणं विकणाऱ्याचं काम. 1825 साली इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रमने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली, तेव्हापासूनचा हा मुलूख. इथल्या जुन्या बंदुकीला कहाणी चिकटतेच, आणि तिचे पैसे मोजायचे नसतात.

छाप वाचण्याआधी एक काम. बंदूक भरलेली नाही ना, हे बघावं. गज नळीत अलगद सोडून तोंडाशी बोटाने खूण धरावी, मग तोच गज बाहेरून नळीला लावावा. टोक कान्याच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या छिद्राच्या, बरंच अलीकडे थांबलं, तर आत जुना बार असू शकतो. तिथेच हात आवरून परवानाधारक कारागिराला बोलवावं.

नळी मोकळी निघाली की तोंडाशी करंगळी फिरवावी. रायफल असेल तर पिळाच्या खाचा लागतात. या बंदुकीत लागल्या नाहीत. 1857च्या उठावानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना एन्फील्ड रायफलीच्याच घाटाच्या, पण गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. वरून रायफल, आतून मस्केट. तेव्हा भावही मस्केटचाच.

खैबर खिंडीच्या मुलखातल्या नकला याहून फसव्या. त्यांवर कधी उलटी अक्षरं दिसतात, तर कधी ‘व्ही. आर.’खाली 1901नंतरचं साल. व्हिक्टोरिया राणी 1901च्या जानेवारीतच वारली होती! आणि विकण्याआधी पॉलिश पेपर मारून चकचकीत केलेली बंदूक दिसली, तर भाव आणखी पाडावा. जुना रंग जातो, छापही पुसट होतात.

कागदांचं प्रकरण वेगळं. दुरुस्त करूनही न चालणारं जुनाट हत्यार 1959च्या शस्त्र कायद्यातून वगळलं आहे, पण ‘चालत नाही’ हा मालकाचा शब्द पुरत नाही. 2020पासून क्युरिओ, म्हणजे जुन्या संग्राह्य वस्तूंच्या, वर्गातलं छोटं शस्त्र भारतीय नागरिकाला परवान्याशिवाय बाळगता येतं. ते वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला मात्र परवाना लागतो. म्हणजे धुळ्यात सौदा करून बंदूक डिकीत टाकली आणि जळगावला आणली, असं चालत नाही. बंदूक कोणत्या वर्गात बसते हे जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावं आणि बयाणा त्यानंतरच द्यावा.