हिरवळीची विद्या व दोन विद्यापीठांची जोड

हरळीने धरलेल्या रानात नांगर घालण्याचा प्रसंग ज्यावर आला आहे, त्यास हे गवत राखण्याची विद्या विद्यापीठात शिकवितात असे सांगितले, तर तो हसेल. पीकपाहणीच्या कामात हरळीपायी पड राहिलेले नंबर आम्हीही पुष्कळ लिहिले आहेत. परंतु याच हरळीचा तिच्या आफ्रिकेतील भावकीतल्या गवताशी संकर करून अमेरिकेत टिफ्टन येथे 'टिफ्ग्रीन' ही जात निपजविली. ती १९५६ साली प्रसारात आली व गोल्फच्या मैदानांवर मुद्दाम लावण्यात आली.

या विद्येत मिशिगन स्टेट विद्यापीठाचे नाव मोठे आहे. ते १८५५ साली शेतकी विद्यालय म्हणून निघाले. २००३ साली त्याने चीनमधील बीजिंग वनविद्यापीठाशी जोड करून हिरवळीच्या व्यवस्थेचा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी आपल्याच देशात राहावा व परदेशचे अध्यापक त्याच्याकडे यावेत, ही त्यातील योजना आम्हांस विशेष वाटते. कारण गवताची प्रकृती हवेवर आहे. थंड हवेची गवते १५ ते २४ अंश सेंटिग्रेडात जोमाने वाढतात; हरळीसारख्यांस २७ ते ३५ अंश मानवतात. बीजिंगचा हिवाळा कोरडा व कडक, उन्हाळा उष्ण व पावसाळी. तेथे पहिल्या जातीस उन्हाळ्यात रोग पडतो, दुसरी हिवाळ्यात करपते. मिशिगनचे पुस्तक तेथे निम्मेच उपयोगी.

उरलेला पाठ मात्र कोठेही लागू आहे. अमेरिकेच्या गोल्फ मंडळाने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या रीतीत सुमारे १२ इंच वाळूखाली ४ इंच खडी घालतात. खडीतून पाणी लागलीच निघून जाईल असे वाटते. पण घडते उलट. बारीक वाळू पाणी धरून ठेविते, आणि ती पुरती भिजल्यावाचून खालच्या मोठ्या पोकळीत थेंब उतरत नाही. भिजली की जादा पाणी झपाट्याने निघते. मुळांस ओल मिळते, पाणीही साचत नाही. निचऱ्यासाठी शेतात नुसती खडी पुरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वरची माती चिकण असेल तर ती खडी आहे तशी कोरडी पडून राहील.

कोणी मुलास अशा जोड-अभ्यासक्रमास धाडणार असल्यास फी विचारण्यापूर्वी एवढे विचारावे, की प्रात्यक्षिकाचा वाफा कोणत्या देशात आहे व तो वर्षभर कोण राखतो. इंग्रजीची तयारीही आधीच करून घ्यावी. पहिले वर्ष त्यातच जाते आणि गवत तोवर थांबत नाही.