अभ्रिकांचे छायाचित्रण

कार्तिक किंवा मार्गशीर्ष महिन्यात अमावस्येच्या सुमारास गावाच्या दिव्यांपासून दूर जावे आणि रात्री आठ-नऊच्या वेळी उत्तरेकडे बरेच उंच पाहावे. देवयानी या तारकासमूहात एक फिकट, लांबट डाग डोळ्यांस दिसेल. तो ढग नव्हे, कारण तो सरकून नाहीसा होत नाही. आणि तारा म्हणावे, तर त्याला तेजाचा बिंदू नाही. पर्शियातील ज्योतिषी अल्‌ सूफी याने इ. स. ९६४ मध्ये सिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा लहानसा मेघ नोंदविला आहे. पुढे दुर्बीण आली, तिच्या काचा मोठ्या झाल्या. तथापि या मेघाचे खरे स्वरूप केवळ पाहून उमगले नाही. ते उमगण्यास छायाचित्राचे साहाय्य घ्यावे लागले, आणि त्या कामी पहिली पावले टाकणाऱ्यांत काही हौशी निरीक्षक होते.

डोळ्यास जे दिसत नाही ते छायाचित्रास कसे दिसते? आपला डोळा प्रकाश साठवीत नाही. सेकंदाच्या अल्पांशात आलेला प्रकाश तो मेंदूकडे पोहोचवितो आणि पुढच्या क्षणी कोऱ्या पाटीने आरंभ करतो. म्हणून अंधुक वस्तूकडे तासभर टक लावून पाहिले तरी ती अधिक तेजस्वी होत नाही. छायाचित्राच्या काचेचे तसे नाही. पहिल्या मिनिटाच्या प्रकाशात दुसऱ्या मिनिटाच्या प्रकाशाची भर पडते, त्यात तिसऱ्याची. थेंबे थेंबे तळे साचे, हाच तिचा न्याय.

आरंभीच्या छायाचित्रणातील काचा ओल्या असताना वापराव्या लागत, आणि त्या काही मिनिटांतच वाळून निकामी होत. इ. स. १८७१ नंतर जिलेटिनच्या कोरड्या काचा निघाल्या आणि ही अडचण दूर झाली. अमेरिकेतील वैद्यकशास्त्राचे पदवीधर हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी स्वतःच्या वेधशाळेतील ११ इंची दुर्बिणीतून मृग नक्षत्रातील महाअभ्रिकेवर ५१ मिनिटे काच उघडी ठेवली. अभ्रिकेचे ते पहिले छायाचित्र होय. इ. स. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन या इंग्रज अभियंत्याने आपल्या घराच्या बागेतील ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याच अभ्रिकेचे असे चित्र घेतले की, त्या दुर्बिणीतून डोळ्यांना न दिसलेले तारेही त्यात उमटले. ड्रेपर, कॉमन आणि पुढे सांगावयाचे आयझॅक रॉबर्ट्स यांपैकी कोणाचाही चरितार्थ आकाशावर चालत नव्हता. रॉबर्ट्स हे तर इमारती बांधण्याचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते.

रॉबर्ट्स यांनी इंग्लंडात लिव्हरपूलनजीक २० इंची दुर्बीण उभारली आणि इ. स. १८८८ च्या डिसेंबरात देवयानीतील त्या मेघाचे दीर्घ अवधीचे छायाचित्र घेतले. तत्पूर्वी, इ. स. १८४७ मध्ये, हार्वर्ड येथील जॉर्ज बाँड यांनी १५ इंची दुर्बिणीतून या मेघात दोन सरळ काळ्या रेघा पाहिल्या होत्या. निरीक्षक कुशल होता, दुर्बीणही उत्तम होती. परंतु डोळ्यास तेवढेच दिसले. रॉबर्ट्स यांच्या काचेवर त्या रेघा वक्र होऊन मेघाभोवती वळलेल्या दिसल्या. मेघ एकजिनसी नसून त्यास वळणदार पट्टे आहेत, हे प्रथमच स्पष्ट झाले.

येथे मात्र एक मौजेची आणि तितकीच विचार करण्याजोगी गोष्ट घडली. रॉबर्ट्स यांनी त्या चित्राचा अर्थ असा लावला की, फिरत्या वायूपासून एखादी सूर्यमालाच आपल्या डोळ्यांदेखत तयार होत आहे. चित्र खरे होते, अर्थ चुकला होता. इ. स. १९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबल यांनी माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रात याच मेघातील एक तारा हेरला. प्रथम तो नवतारा असावा असे त्यांना वाटले. पण पूर्वीच्या जपून ठेवलेल्या काचा ताडून पाहता तो ठराविक काळाने मंद व तेजस्वी होणारा रूपविकारी तारा ठरला. अशा ताऱ्यांच्या तेजावरून अंतर काढता येते. ते अंतर इतके प्रचंड आले की, हा मेघ आपल्या आकाशगंगेच्या पलीकडची एक स्वतंत्र दीर्घिका आहे हे सिद्ध झाले. आजच्या गणनेप्रमाणे ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. उलट, मृगातील महाअभ्रिका आपल्याच आकाशगंगेत, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर आहे, आणि तिच्यात खरोखरच नवे तारे जन्म घेत आहेत.

आता हे काम विद्यार्थ्याच्या हातून होण्याजोगे आहे काय? काही अंशी निश्चित आहे. मुख्य अडचण आहे ती पृथ्वीच्या फिरण्याची. तिच्या परिवलनामुळे आकाश ताशी सुमारे १५ अंश सरकते. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचा कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून दहा सेकंदांहून पुष्कळ अधिक वेळ उघडा ठेवला, तर ताऱ्यांच्या बिंदूंऐवजी रेघा उमटतात. यावर उपाय म्हणजे पृथ्वीच्या आसाशी समांतर अशा आसावर कॅमेरा उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, तितक्याच गतीने फिरविणे. हा आस उत्तरेकडे रोखून क्षितिजापासून आपल्या गावाच्या अक्षांशाइतका वर उचलावा लागतो. बेळगावास तो सुमारे १६ अंश, हैदराबादेस १७, बडोद्यास २२, तर ग्वाल्हेरीस २६ अंश ठेवावा. ध्रुवताराही त्या त्या गावी जवळजवळ तितक्याच उंचीवर दिसतो, म्हणून त्याचीच खूण धरावी.

याचे साधे यंत्र सुतारकामाच्या वर्गातही करता येईल. दोन फळ्या एका बाजूस बिजागरीने जोडाव्या आणि बिजागरीचा कणा ध्रुवाकडे रोखावा. खालच्या फळीतून आट्यांचा बोल्ट असा बसवावा की, तो फिरविताच वरची फळी उचलली जाईल. कॅमेरा वरच्या फळीवर घट्ट बसवावा. बोल्टाच्या दोन आट्यांतील अंतर १ मिलिमीटर असेल, तर तो बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर बसवावा. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात सुमारे १,४३६ मिनिटांत एक फेरा करते. २२९ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे १,४३९ मिलिमीटर भरतो. म्हणजे मिनिटास एक मिलिमीटर, अर्थात बोल्टाचा मिनिटास एक फेरा. घड्याळ पाहून हाताने फिरविले तरी काही मिनिटे तारे बिंदूरूप राहतात. भूमितीच्या तासास शिकलेले सूत्र येथे आकाशाशी जाऊन भिडते.

आज काचेची जागा कॅमेऱ्यातील विद्युत्-संवेदकाने घेतली आहे. त्यामुळे एकच दीर्घ चित्र घेण्याऐवजी अनेक लहान चित्रे घेऊन संगणकाने त्यांची सरासरी काढता येते. आकाशातील वस्तू प्रत्येक चित्रात त्याच जागी असते. चित्रातील रवाळपणा मात्र दर वेळी निराळा असल्याने बहुतांशी आपसांत पुसला जातो. शंभर चित्रे एकत्र केली, तर तो दहाव्या हिश्शावर येतो. चित्राचा उजेड व रंग वाढविण्यात गैर काही नाही. परंतु जे आलेच नाही ते चित्रात भरणे ही फसवणूक होय.

संयमाचे फळ आजही मिळते. इ. स. २०२२ मध्ये काही हौशी निरीक्षकांनी सुमारे चार इंची दुर्बिणीने, अनेक रात्रींच्या चित्रांची बेरीज करून, त्याच देवयानी दीर्घिकेच्या शेजारी प्राणवायूच्या हिरवट-निळ्या प्रकाशाची एक विस्तीर्ण कमान शोधली. जगातील मोठमोठ्या दुर्बिणी ज्या भागाकडे वर्षानुवर्षे पाहत आल्या, तेथेच ती आजवर अलक्षित राहिली होती. ती कमान त्या दीर्घिकेजवळची, की वाटेत आपल्याच आकाशगंगेत असलेली, हा प्रश्न लगेच उभा राहिला. केवळ चित्रावरून त्याचे उत्तर मिळत नाही. रॉबर्ट्स यांच्या वेळीही ते मिळाले नव्हते.

म्हणून ज्यास हा छंद लावून घ्यावयाचा असेल, त्याने कॅमेऱ्याबरोबर एक वहीही ठेवावी. तारीख, वेळ, स्थळ, काच वा संवेदक उघडा ठेवण्याचा अवधी आणि आकाशाची स्थिती हे सर्व प्रत्येक चित्रामागे लिहावे. हबल यांस जुन्या काचा ताडता आल्या, त्या कोणीतरी तारीख घालून जपल्या होत्या म्हणूनच. आपण काढलेल्या चित्राचा अर्थ आज आपणास चुकीचा लागेल, कदाचित लागणारही नाही. परंतु चित्र प्रामाणिक असेल आणि नोंद पूर्ण असेल, तर पुढे कोणास तरी तो खचित लागेल.